शहामृगाच्या पिसांवर वाढलेले गाव : औट्सहूर्न

मालाचा भाव कोण ठरवतो, या सवालावर आपल्या बाजारात रोज हुज्जत होते. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न गावाला विचाराल तर जवाब मिळेल, पॅरिस-लंडनच्या बायकांची टोपी!

केप टाउनच्या पूर्वेस सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर, दोन डोंगररांगांमधल्या क्लेन कारू या कोरड्या मुलखात हे गाव आहे. १८३९ मध्ये इथे चर्च झाले आणि भोवती वस्ती वाढली. पाऊस कमी; पण पाटाच्या पाण्यावर लसूणघास चांगला येतो आणि शहामृगाला तो मानवतो.

शहामृगाची पिसे हा मूळचा मुसलमान व्यापाऱ्यांचा माल. कानोकडून उंटांचे काफिले सहारा ओलांडून ती त्रिपोलीला नेत, तिथून ती युरोपात जात. तो शिकारीचा माल होता. केपमध्ये १८६० नंतर पक्षी पाळू लागले आणि त्या दशकाच्या अखेरीस अंडी उबवण्याचे यंत्र निघाले. पक्षी न मारता पुन्हा पुन्हा पिसे कापता येऊ लागली. असा माल बाजारात उतरल्यावर काफिल्यांची तिजारत किती टिकणार?

मग जी तेजी आली ती विचारू नका. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोने, हिरे आणि लोकर यांच्यानंतर पिसांचा नंबर होता. लिथुआनियातून आलेले ज्यू फेरीवाले शेतोशेती हिंडून पिसे घेत. त्यांच्यामुळे गावाला ‘छोटे जेरुसलेम’ म्हणत. बागायतदारांनी दगडी हवेल्या बांधल्या. इतर पिके काढून लसूणघास लावला, पुढच्या हंगामाच्या भरवशावर उधारी केली.

१९१४ मध्ये सगळे कोसळले. पक्षी फार झाले होते, त्यात महायुद्ध पेटले. मोटारगाडीत बसायचे तर मोठी पिसांची टोपी जमेना, आणि फॅशनही बदलली. कित्येकांचे दिवाळे निघाले. आम्ही कापडवाले हे जाणतो. कालचा चालू डिझाइन आज गोदामात पडून राहतो, फरक इतकाच की आमच्याकडे गाव बुडत नाही.

गाव उठले ते त्याच पक्ष्यावर, पण वेगळ्या मालाने. १९६० नंतर कत्तलखाना आणि कातडे कमावण्याचा कारखाना आला. पिसांच्या मुळांचे उठावदार ठिपके असलेले हे कातडे पर्स, बूट, पट्ट्यांना जाते आणि महाग विकते. मांसही परदेशी जाऊ लागले. २०११ मध्ये बर्ड फ्लूमुळे युरोपने कच्चे मांस बंद केले, तेव्हा पुन्हा मोठा फटका बसला. त्या वेळी कातड्यानेच हात दिला.

आता पाहुणेही कमाई देतात. तीसेक किलोमीटरवर कांगोच्या चुनखडीच्या गुहा आहेत, १८८८ मध्ये खुला झालेला स्वार्टबर्ग घाट आहे. पिसांच्या जमान्यातल्या हवेल्या अजून उभ्या आहेत, आणि ती पिसे आज घराची धूळ झाडायच्या झाडूला आणि नाचाच्या पोशाखाला लागतात.