एकाच प्रतीचा भरवसा

“संगणक अपडेट केला आणि बाहेरची हार्ड डिस्क गेली,” हे वाक्य हल्ली आपल्या महाविद्यालयात वरचेवर कानी पडते. कुणाची प्रबंधाची टिपणे जातात, कुणाची स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. मग सारा दोष त्या अपडेटच्या माथी मारून आपण मोकळे होतो. परंतु ‘गेली’ या एका शब्दात निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात आणि नेमकी कोणती घडली हे ओळखता आले, तरच गेलेले परत मिळण्याची आशा असते. कलाशाखेच्या मंडळींनी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. ग्रंथालयातली कार्डांची पेटी ज्याने पाहिली आहे, त्याला तो सहज समजावा.

डिस्क म्हणजे एक ग्रंथालयच. कपाटांत पुस्तके असतात आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी सूची वेगळी असते. फाइल हवी असली की संगणक आधी सूची पाहतो. ती बिघडली, तर पुस्तके जागच्या जागी असूनही ग्रंथालय रिकामे दिसते. अशा वेळी पडद्यावर प्रश्न उमटतो : ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ याचा साधा अर्थ असा, की जुनी सूची टाकून नवी कोरी सूची मांडायची का? येथे घाईने ‘होय’ म्हणू नये. तबकडीच्या डिस्कवर फाइल पुसली, तरी बहुधा तिचे कार्डच काढले जाते. मजकूर तेथेच असतो. मात्र जागा मोकळी झाली असे समजून संगणक तेथे दुसरे काही लिहितो आणि मग जुने कायमचे जाते. म्हणून पहिला नियम असा, की बिघडलेल्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. दुरुस्तीचा प्रयोगदेखील शक्यतो तिची हुबेहूब नक्कल काढून त्या नकलेवर करावा.

आता सूची बिघडते कशी? अपडेटच्या वेळी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली गेली, तर सूची अर्धवट राहू शकते. दुसरे कारण म्हणजे नव्या प्रणालीशी जुन्या सॉफ्टवेअरचे न जुळणे. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी अ‍ॅपलची मॅव्हरिक्स ही प्रणाली आली, तेव्हा वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या बाह्य डिस्का वापरणाऱ्या काही ग्राहकांची माहिती नाहीशी झाली. पुढे कंपनीनेच ग्राहकांना कळवले, की डिस्कसोबत दिलेले आमचे सॉफ्टवेअर आधी काढून टाका, किंवा नवी प्रणाली इतक्यात घेऊ नका.

कधी अपडेट स्वतःच फाइली पुसते. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे अपडेट दिले. ज्यांनी आपल्या कागदपत्रांचा फोल्डर दुसऱ्या जागी वळवला होता, त्यांच्यापैकी काहींच्या मूळ जागी राहिलेल्या फाइली त्यात पुसल्या गेल्या. अवघ्या काही दिवसांत ते वितरण थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली.

तिसरा प्रकार यंत्राचा. बाह्य डिस्कच्या आत पुष्कळदा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावरून वाचणारा शिरोभाग तरंगत असतो. तो टेकला की तबकडीवर ओरखडे पडतात. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर ती ताबडतोब बंद करावी. पुन्हापुन्हा चालू केल्याने नुकसान वाढते. अशा वेळी अपडेटचा दोष थोडाच असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, इतकेच.

या साऱ्याचे मोल मला कळले ते आमच्या मराठी विभागात. आधीच्या एका तुकडीने गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या एकाच डिस्कवर होत्या आणि संगणकाच्या अपडेटनंतर ती डिस्क रिकामी दिसू लागली. जाणकाराने प्रयत्नपूर्वक बरेचसे ध्वनिमुद्रण परत मिळवले. परंतु फाइलींची नावे सूचीत असतात आणि सूचीच उरली नव्हती. आवाज आले, त्यांच्यापुढे नुसते क्रमांक. गाणारी आजी कोण, गाव कोणते, काहीच कळेना. आम्ही चौघे मित्र ते ऐकत बसलो. ओवीत भावाचे, गावाचे नाव येते; त्यावरून काही गळे ओळखू आले. उरलेले आजही क्रमांकच आहेत. आणि त्यांतल्या काही आजी आता हयात नाहीत, विचारायचे कुणाला?

यावर उपाय जुनाच आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो ‘तीन-दोन-एक’ अशा सूत्रात रूढ केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. संगणकातल्या फाइली बाह्य डिस्कवर हलवल्या, तर प्रत एकच राहते. फक्त तिची जागा बदलते. इंटरनेटवरील साठ्यात आपोआप जुळत राहणारा फोल्डरही पुरेसा नाही, कारण येथे पुसले की तेथेही पुसले जाते. शिवाय प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

अपडेट टाळावे असे मात्र मी म्हणणार नाही. सुरक्षिततेसाठी ते लागतेच. त्याआधी बाह्य डिस्क रीतसर काढून ठेवावी, म्हणजे झाले. ओव्या शतकानुशतके टिकल्या, त्या एका गळ्यात नव्हे, तर अनेक गळ्यांत राहिल्यामुळे. आपण त्या यंत्रात आणल्या आणि एकाच ठिकाणी ठेवल्या. पुढच्या वेळी अपडेटची सूचना पडद्यावर येईल, तेव्हा ‘होय’ म्हणण्यापूर्वी आपली दुसरी प्रत कोठे आहे, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.