गाभ्यातील भर आणि तिची जबाबदारी : आशय-व्यवस्थापन प्रणालींच्या रचनेविषयीचा एक वाद

संकेतस्थळावरील लेख, चित्रे व पृष्ठे यांची निर्मिती, साठवण आणि प्रसिद्धी ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने केली जाते, तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. अशा प्रणालीचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. प्रत्येक स्थळाबरोबर अनिवार्यपणे येणारा भाग म्हणजे गाभा. आणि गरजेप्रमाणे जोडता अथवा काढता येणारा भाग म्हणजे प्लगइन किंवा मॉड्यूल. गाभ्यात एखाद्या नव्या सोयीची भर घालावयाची झाली म्हणजे तिच्या कोडच्या रचनेवरून वाद उद्भवतात. बाहेरून पाहणाऱ्यास हे वाद केवळ अभिरुचीचे वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी निराळाच प्रश्न असतो. गाभा जे एकदा देऊ करतो ते त्याला सहसा परत घेता येत नाही. तेव्हा कोणते वचन द्यावे आणि त्याचा भार कोणी वाहावा, हा तो प्रश्न होय. वर्डप्रेस व ड्रुपल या दोन प्रणालींच्या इतिहासावरून तो विशद करता येतो.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. कोणत्याही सोयीच्या कोडचे तीन थर असतात. पहिला थर अंतर्गत कोडचा. त्यावर दुसरे कोणी अवलंबून नसल्याने तो केव्हाही बदलता येतो. दुसरा थर जाहीर संपर्कस्थानांचा. इतरांनी रचलेली प्लगइन त्यावर उभी असतात. तिसरा थर साठविलेल्या मजकुराच्या स्वरूपाचा. लेखकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले सारे त्यात असते. पहिल्या थरातील चूक एका दिवसात सुधारता येते, दुसऱ्यातील चुकीस काही वर्षे लागतात, आणि तिसऱ्यातील चूक पुष्कळदा कायमची सोबत करते.

वर्डप्रेसचा उगम ‘बी-टू’ या जुन्या आज्ञावलीतून झाला. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी तिच्या आधारे २००३ साली वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. २००४ सालच्या १.२ या आवृत्तीत प्लगइनांची योजना आली. गाभ्याचे काम चालू असता ठराविक ठिकाणी बाहेरच्या कोडला हस्तक्षेप करू देणे, हे तिचे तत्त्व. या ठिकाणांना हूक अशी संज्ञा आहे. या योजनेमुळे गाभा लहान ठेवूनही प्रणालीचा विस्तार शक्य झाला. परंतु त्याबरोबरच प्रत्येक हूक हे एक जाहीर वचन ठरले. एखादा हूक काढून टाकला किंवा त्याचा क्रम बदलला, तर त्यावर विसंबलेली अज्ञात प्लगइन निकामी होतात. म्हणून वर्डप्रेसने मागील आवृत्तींशी सुसंगती राखण्याचे धोरण कटाक्षाने पाळले. त्याची किंमत दुव्यांच्या व्यवस्थापकाच्या उदाहरणावरून कळते. २०१२ सालच्या ३.५ या आवृत्तीपासून नव्या स्थळांवर ही सोय दिसेनाशी झाली. तथापि जुन्या स्थळांसाठी तिचा कोड गाभ्यातच ठेवावा लागला.

ड्रुपलने दीर्घकाळ निराळा मार्ग अनुसरला. ड्रीस ब्यूटार्ट यांनी २००१ साली ही प्रणाली मुक्त स्वरूपात प्रसिद्ध केली. मोठ्या आवृत्तीत संपर्कस्थाने मोडली तरी चालतील, परंतु साठविलेला आशय नव्या आवृत्तीत नेता आला पाहिजे, अशी तिची भूमिका होती. त्यामुळे जुन्या रचनेचे ओझे न वाहता गाभ्याची पुनर्रचना करता आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ मध्ये ही पुनर्रचना परमावधीस पोहोचली. सिम्फनी या चौकटीचे घटक स्वीकारले गेले आणि बऱ्याच जागी हूकऐवजी वस्तुनिष्ठ रचना आली. कोडच्या दृष्टीने ही प्रगती होती, हे नाकारता येत नाही. परंतु मॉड्यूल लिहिणाऱ्यांना आपले काम मोठ्या प्रमाणावर नव्याने करावे लागले, आणि लहान संस्थांना त्याचा खर्च जड गेला. ड्रुपल ७ च्या परंपरेतून ‘बॅकड्रॉप’ ही स्वतंत्र प्रणाली निघाली आणि तिची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे ड्रुपल ८ च्याही आधी, प्रसिद्ध झाली. पुढे जून २०२० मधील ड्रुपल ९ च्या वेळी मात्र धोरण बदललेले दिसते. काढावयाची संपर्कस्थाने ८ च्या कारकिर्दीतच त्याज्य म्हणून जाहीर करून मगच ती काढण्यात आली.

याहून सूक्ष्म असा वाद तिसऱ्या थराविषयीचा आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीत ‘गुटेनबर्ग’ नावाचा ब्लॉक-संपादक गाभ्यात आला. परिच्छेद, चित्र, सारणी असा लेखातील प्रत्येक घटक त्यात स्वतंत्र ब्लॉक ठरतो. या ब्लॉकांची माहिती साठवावी कोठे? एक पर्याय असा, की प्रत्येक ब्लॉकची नोंद डेटाबेसमध्ये वेगळी ठेवावी. ड्रुपल ७ मध्ये आशयाचे प्रत्येक क्षेत्र सामान्यतः स्वतंत्र सारणीत साठविले जाते, ते याच जातीचे. दुसरा पर्याय असा, की लेखाचा मजकूर पूर्वीप्रमाणे एकाच रकान्यात ठेवून ब्लॉकांच्या सीमा व गुणधर्म एचटीएमएलमधील टिप्पण्यांच्या रूपाने त्यातच लिहावेत. वर्डप्रेसने दुसरा पर्याय निवडला.

या निवडीवर घेतलेले आक्षेप निराधार नाहीत. विशिष्ट ब्लॉक कोणत्या लेखांत आहे हे शोधावयाचे तर मजकूर उलगडून पाहावा लागतो. डेटाबेसला तो प्रश्न सरळ विचारता येत नाही. शिवाय बहुसंख्य ब्लॉकांचे तयार एचटीएमएलच साठविले जाते. ब्लॉकच्या कोडमध्ये पुढे फरक पडला, तर संपादकात लेख उघडताना साठविलेले रूप व नव्या कोडने निर्माण होणारे रूप जुळत नाही आणि तो ब्लॉक अवैध ठरतो. हे टाळण्यासाठी ब्लॉकच्या जुन्या रूपांचा कोडही जपून ठेवावा लागतो. अलीकडील लेखांच्या यादीसारख्या गतिमान ब्लॉकांत केवळ गुणधर्म साठवून अंतिम रूप सर्व्हरवर घडविले जाते; तेथे ही अडचण येत नाही.

उलट पक्षाचा युक्तिवाद मात्र अधिक मूलगामी आहे. ब्राउझर टिप्पण्यांकडे दुर्लक्ष करतो. म्हणून उद्या हा संपादक काढून टाकला तरी सामान्य लेखाचा मजकूर वाचनीय राहतो. जुन्या लेखांचे रूपांतर करावे लागत नाही, आणि त्याच रकान्यावर चालणारे शोध व निर्यात यांचे कार्य अबाधित राहते. म्हणजे येथे शोधाची सोय गमावून मजकुराचे दीर्घायुष्य विकत घेतले आहे. तरीही संपादकाचा बदल सर्वांना मानवला नाही, वर्डप्रेसच्या ४.९ या आवृत्तीच्या आधारे ‘क्लासिकप्रेस’ ही शाखा २०१८ सालीच वेगळी झाली. साठवणीचे स्वरूप सौम्य असले, तरी लेखनाच्या सवयी व प्लगइनांची संपर्कस्थाने यांवर आघात झाला होता. एका थराची काळजी घेतल्याने दुसऱ्या थराची हानी भरून निघत नाही, हा त्याचा बोध.

अशा वादांचा निर्णय कागदावरील चर्चेने क्वचितच लागतो. वर्डप्रेसच्या ३.६ या आवृत्तीसाठी योजलेला लेख-प्रकारांचा नवा पडदा २०१३ साली ऐन वेळी गाभ्यातून काढावा लागला. त्यानंतर नवी सोय प्रथम प्लगइन म्हणून वापरात आणावी आणि ती कसास उतरल्यावरच गाभ्यात घ्यावी, ही रीत रूढ झाली. रेस्ट संपर्कयंत्रणेच्या बाबतीत याहूनही सावधपणा दिसतो. डिसेंबर २०१५ मध्ये केवळ तिचा पाया गाभ्यात आला; लेख, वापरकर्ते इत्यादींच्या देवाणघेवाणीची प्रत्यक्ष संपर्कस्थाने आणखी एक वर्षाने, डिसेंबर २०१६ मध्ये आली. पाया अंतर्गत असल्याने तो पुष्कळसा बदलता येतो. जाहीर संपर्कस्थान तसे बदलता येत नाही, हाच या क्रमामागील विवेक होय.

सारांश, गाभ्यातील कोडविषयी वाद घालताना रचना सुबक आहे की नाही, हा पहिला प्रश्न ठरू नये. ही चूक ठरल्यास ती कोणत्या थरात राहील, आणि ती निस्तरण्याचे श्रम मूठभर रचनाकारांना पडतील की असंख्य स्थळचालकांना, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. रचनाकार चर्चेत उपस्थित असतो. ज्याचे दहा वर्षांचे लेखन डेटाबेसमध्ये आहे तो लेखक तेथे बहुधा नसतो. त्याच्या वतीने विचार करणे, हे गाभ्याच्या रचनेचे आद्य कर्तव्य होय.