बाणकोट : कोंकणांतील इंग्रजांचें विसरलेलें ठाणें

पुणें-साताऱ्याच्या हमरस्त्यावर भोर तालुक्यांत वरवे बुद्रुक हें गांव आहे. तेथून थोड्याच अंतरावर नसरापूरचें बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ च्या सुमारास बांधविलेल्या या देवळांतील घंटेवर क्रूस असून १६८३ हा इसवी सनाचा आंकडा आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां फिरंग्यांच्या देवळांतील ज्या घंटा घाटावर आल्या, त्यांपैकींच ही एक होय असें मानतात. दर्शनास येणारी मंडळी ती वाजवून पुढें जाते. समुद्रावरील एका पराक्रमाची ही खूण डोंगरांच्या कुशींत बसलेल्या गांवाजवळ सुखरूप आहे. परंतु ज्या पेशव्यानें हें देऊळ बांधविलें, त्यानेंच पुढें सात वर्षांनीं कोंकणच्या किनाऱ्यावरील एक किल्ला व दहा गांवें इंग्रजांस लिहून दिलीं, त्याची आठवण मात्र फारशी कोणास नसते. तो किल्ला म्हणजे बाणकोटचा हिंमतगड. इंग्रजांनीं त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असें नांव दिलें. (हें नांव ऐकून राणीसरकारची आठवण होणें साहजिक आहे, पण त्या राणीचा जन्म १८१९ चा. किल्ल्याचें बारसें त्यापूर्वीं साठांहून अधिक वर्षें झालें होतें.)

भोरहून वरंध घाटानें खालीं उतरलें कीं महाड येतें. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री महाडावरून वाहत जाऊन जेथें समुद्रास मिळते, तेथें दक्षिण तीरावरच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. उत्तरेस हरिहरेश्वर व श्रीवर्धन. दक्षिणेस लागूनच वेळास. एकंदर घाटावरचा माल महाडास उतरावा, तेथून गलबतांनीं खाडीवाटे बाणकोटास यावा व पुढें मुंबईस जावा, असा हा जुना मार्ग. खाडीचें तोंड ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं या सगळ्या व्यापाराची किल्ली.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना या प्रदेशाशीं घरचें नातें आढळेल. श्रीवर्धन हें पेशव्यांच्या भट घराण्याचें मूळ गांव आणि वेळास हें नाना फडणविसांच्या भानू घराण्याचें. सिद्दीच्या जाचास कंटाळून बाळाजी विश्वनाथ देशावर निघाले, तेव्हां वेळासच्या भानूंनीं त्यांस साथ दिली अशी परंपरागत हकीकत आहे. म्हणजे पुण्याच्या राज्यकारभाराचीं दोन घराणीं ज्या खाडीच्या दोन तीरांवरून निघालीं, तीच खाडी पुढें त्या राज्यानें परक्याच्या स्वाधीन केली.

ती कां केली, हें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. कान्होजी आंग्र्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांत फूट पडली. विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग बाळगणारा तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नसे व इंग्रजांच्या जहाजांस तर तो सुखानें किनाऱ्यानें जाऊंच देत नसे. तेव्हां पेशव्यांचे कोंकणचे सुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशीं १७५५ च्या मार्चांत करार झाला. इंग्रजांनीं समुद्रावरून व पेशव्यांच्या फौजेनें जमिनीवरून तुळाजीवर चालून जावें, आणि या मदतीबद्दल इंग्रजांस बाणकोट मिळावा असें ठरलें. कमोडोर जेम्स यानें एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत सुवर्णदुर्ग पाडाव केला आणि पाठोपाठ ८ एप्रिल रोजीं बाणकोट घेतला. पुढच्या वर्षीं ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह हे विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यानें बंदरांतील एका जहाजास आग लागली; तें आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडूनच पकडलेलें होतें. ती आग पसरत जाऊन आंग्र्यांचें सारें आरमार जळून गेलें. १३ फेब्रुवारी १७५६ रोजीं किल्ला पडला. तुळाजी पेशव्यांच्या हातीं सांपडला व मरेपर्यंत कैदेंत राहिला. विजयदुर्ग मात्र इंग्रज सोडीनात. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुणें येथील तहानें त्यांनीं तो परत दिला, आणि बाणकोट व भोंवतालचीं दहा गांवें कायमचीं आपल्या पदरांत पाडून घेतलीं. डच व्यापाऱ्यांना पेशव्यांच्या मुलखांत येऊं देऊं नये, हेंही कलम त्यांत होतें.

नानासाहेबांच्या या धोरणाबद्दल मराठी इतिहासकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. तुळाजी हा कांहीं साधुपुरुष नव्हता व त्याचें पारिपत्य करण्याचा पेशव्यांना अधिकार होता, हें कबूल करावयास हरकत नाहीं. पण घरांतील भांडण मिटविण्यासाठीं शेजाऱ्यास बोलावलें, आणि त्यानें जातांना ओसरीची एक खोली स्वतःच्या नांवें करून घेतली, असा हा प्रकार झाला. पुढें धुळपांनीं विजयदुर्गास पेशव्यांचें आरमार पुष्कळ नांवारूपास आणलें. तरीही कान्होजींच्या काळीं इंग्रजांस जी धास्ती वाटे, ती पुन्हा वाटली नाहीं.

इंग्रजांना या लहानशा ठाण्याचें एवढें महत्त्व कां वाटावें? पूर्वीं राजापुरास त्यांची वखार होती, पण ती दुसऱ्याच्या राज्यांत परवानगीनें चालविलेली. बाणकोट ही कोंकणच्या मुख्य भूमीवर त्यांची स्वतःच्या मालकीची पहिली जमीन. दुसरें कारण आपल्या वाचकांस रुचणार नाहीं, पण तें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मुंबईच्या जहाजांवरील गोऱ्या खलाशांस गोमांस हवें असे, आणि पेशव्यांच्या मुलखांत गुरें मिळणें अशक्य; तीं बाणकोटाहून नेतां येऊं लागलीं. याशिवाय हवा चांगली, पाणी गोडें, आणि खाडीनें आंत गेल्यास दासगांवाजवळ ऊन पाण्याचे झरे. दासगांवही याच तहानें इंग्रजांकडे गेलें होतें. जेम्स फॉर्ब्स हा कंपनीचा तरुण नोकर १७७१ च्या सुमारास प्रकृति सुधारण्यासाठीं इकडे आला होता. त्यानें पुढें १८१३ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथांत या प्रवासाचें वर्णन आहे.

शिपायांची भरती हाही एक मोठा लाभ इंग्रजांना कोंकणांतून झाला. मुंबईच्या फौजेंत कोंकणांतील मराठे व महार शिपाई मोठ्या संख्येनें होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मूळ गांव आंबडवे याच मंडणगड तालुक्यांत आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करांत होते व आजोबांनींही कंपनीच्या फौजेंत नोकरी केली होती. ज्या समाजास गांवकीनें वेशीबाहेर ठेवलें, त्यास पलटणींत पगार मिळाला, लिहिणेंवाचणें मिळालें, हा या इतिहासाचा दुसरा पदर आहे. तो आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाहीं, सांगितला जावा.

इतकें असूनही बाणकोटचें वैभव टिकलें नाहीं. १७९६ त संकटांत सांपडलेले नाना फडणवीस महाडास येऊन राहिले. १८०२ त होळकरांकडून पराभव पावलेले दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले तेही महाडासच आले, व तेथून सुवर्णदुर्गाकडे जाऊन इंग्रजी जहाजानें वसईस पोहोंचले. पेशवाईच्या शेवटच्या धांवपळीची वाट ही अशी याच नदीकांठानें गेली. १८१८ त सर्वच कोंकण इंग्रजांचें झालें, आणि मराठी मुलखाच्या कांठावरचें चौकीचें ठाणें म्हणून बाणकोटची जी गरज होती ती संपली. दक्षिण कोंकणचें मुख्य ठिकाण कांहीं काळ येथें राहिलें. पण लवकरच तें मध्यवर्ती म्हणून रत्नागिरीस हालविलें. लष्करी छावणी दापोलीस गेली. खाडीच्या तोंडाशीं वाळूचा दांडा, आंत गाळ. मोठीं जहाजें येतना. दोन पिढ्यांत गोऱ्यांची वसाहत उठली.

आज तेथें पाहण्यासारखें काय आहे? जांभ्या दगडाची तटबंदी, तीन बाजूंनीं खोदलेला खंदक, बुरूज, उत्तरेकडचा दरवाजा. किल्ला लहान आहे. राजगड पाहिलेल्या माणसास तो एखाद्या वाड्याएवढा वाटेल. परंतु तटावर उभें राहिलें असतां खाडीचें मुख, हरिहरेश्वरचा डोंगर आणि उघडा समुद्र एकाच दृष्टिक्षेपांत येतात, व हें स्थळ सर्वांनाच कां हवें होतें तें कोणी सांगावें लागत नाहीं. महाबळेश्वरच्या आर्थर सीटचें नांव ज्या मॅलेटसाहेबावरून पडलें, त्याची पत्नी व मुलगी याच सावित्रींत बुडाल्या असें सांगतात.

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत वरव्यापासून जवळचा, पूर्वींच्या वेल्हें तालुक्यांतील राजगड आहे. सुवर्णदुर्ग व विजयदुर्गही आहेत. सुवर्णदुर्ग व बाणकोट एकाच मोहिमेंत, एकाच आठवड्याच्या आगेंमागें पडले. एकास मान मिळाला, दुसरा यादीबाहेर राहिला. यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं; ती यादी मराठ्यांच्या दुर्गरचनेची आहे. पण हरलेल्या डावाच्या खुणा जपूं नयेत, असा जर कोणाचा समज असेल तर तो मात्र आम्हांस मान्य नाहीं. वसईची घंटा आपण हौसेनें वाजवितों. बाणकोटचा जांभा झाडांच्या मुळांनीं उकलूं दिला, तर अर्धाच इतिहास हातीं राहील. इंग्रज अमदानींतील वास्तु निष्काळजीपणें ठेवल्यास काय होतें, तें महाडानजीकचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या पुरांत वाहून गेला तेव्हां दिसलें. त्यांत माणसें गेलीं. किल्ला पडल्यानें कोणी मरत नाहीं, म्हणून त्याकडे पाहणें तेवढेंच सोपें पडत नाहीं.

दगडांइतकेच कागदही महत्त्वाचे आहेत. इंग्रजांचें दप्तर मुंबईस, पेशव्यांचें पुण्यास सुरक्षित आहे. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतर छापून काढले. परंतु खाडीकांठच्या खोत, उपाध्ये, कुळकर्णी घराण्यांतील रुमाल अद्याप कितीतरी ठिकाणीं माळ्यावर आहेत. घर पाडतांना किंवा वांटणीच्या वेळीं ते प्रथम जातात, कारण मोडी कोणास वाचतां येत नाहीं. असा रुमाल घरीं असल्यास तो कोरड्या जागीं ठेवावा, उलगडण्याची घाई करूं नये, व पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस दाखवावा. एका गलबताच्या जकातीची पावतीसुद्धां बाणकोटच्या व्यापाराबद्दल कांहीं सांगून जाईल.

बाणकोटास जावयाचें झाल्यास वरव्याहून भोर, वरंध घाट, महाड व मंडणगड असा रस्ता आहे. पावसाळ्यांत वरंध घाट दरडींमुळें पुष्कळदां बंद असतो, म्हणून दिवाळीनंतर जावें. येतांना वेश्वीहून फेरीबोटीनें गाडीसह पलीकडे बागमांडल्यास उतरतां येतें, व तेथून हरिहरेश्वर अगदीं जवळ आहे. फेब्रुवारी-मार्चांत गेल्यास वेळासच्या वाळूंत कासवांचीं पिलें समुद्राकडे निघालेलीं पाहावयास मिळतात. मुलें बरोबर असतील तर त्यांस तेवढ्यासाठीं तरी एक मुक्काम करावा.