नव्या संगणकावर ‘विंडोज ७’ : नेमके अडते कुठे?

हिद्दच्या औद्योगिक पट्ट्यात १९७७ पासून जहाजदुरुस्तीची गोदी आहे, २००९ पासून खलिफा बिन सलमान बंदर आहे. अशा ठिकाणी यंत्रे वीस-वीस वर्षे चालतात. त्यांना आज्ञा देणारा संगणक मात्र आधीच मान टाकतो. यंत्राचे सॉफ्टवेअर ‘विंडोज ७’खेरीज चालत नसेल, तर नव्या संगणकावर ती जुनी प्रणाली चढवण्याचे काम एखाद्या अभियंत्याच्या गळ्यात पडते. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच तिचा सर्वसाधारण आधार थांबवला आहे.

पहिला खोळंबा आरंभीच होतो. भाषा निवडण्याचा पडदा येतो. पण यूएसबीचा कळफलक आणि माउस दोन्ही निश्चल. जुन्या गोल पिनेचा कळफलक जोडून पुढे सरकावे, तर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नसल्याची तक्रार येते. पेनड्राइव्हवरून काम चालले असताना डीव्हीडी कसली? संदेशच दिशाभूल करणारा आहे. यूएसबी ३.०चा ड्रायव्हर या २००९च्या प्रणालीत मुळी नाहीच, आणि इंटेलने २०१५च्या स्कायलेक पिढीपासून जुना यूएसबी २.० नियंत्रक वगळला. म्हणून हा ड्रायव्हर डिझम या साधनाने पेनड्राइव्हवरील फायलींतच आधी मिसळावा लागतो. तो ‘इन्स्टॉल.विम’मध्ये घालून अनेकजण थांबतात. प्रारंभीचा पडदा ज्यातून उघडतो त्या ‘बूट.विम’मध्येही तो हवा. एनव्हीएमई डिस्क दिसत नसल्यास केबी२९९०९४१ हे दुरुस्तीपत्र त्याच रीतीने जोडतात. साटा जोडणीची एसएसडी वापरली, तर हा खटाटोप टळतो.

‘स्टार्टिंग विंडोज’वर पडदा गोठला, तर मात्र प्रकरण गंभीर. ‘विंडोज ७’ला चित्रदर्शनासाठी जुन्या बायोसची सोय लागते. ती पुरवणारा सीएसएम हा पर्याय अनेक नव्या संगणकांत उरलेलाच नाही आणि नुसता ड्रायव्हर घालून ती उणीव भरत नाही. तेव्हा खरेदीपूर्वीच सेटिंगमध्ये सीएसएम आहे का, सिक्युअर बूट बंद करता येते का, हे पाहावे.

माझे मत विचाराल, तर नव्या संगणकावर आधुनिक प्रणाली ठेवून ‘विंडोज ७’ आभासी यंत्रात चालवणे अधिक शहाणपणाचे. सीरियल पोर्ट आत पोहोचवता येतो. यंत्राला खास विस्तार-कार्ड लागत असेल, तर मात्र हा मार्ग सहसा खुंटतो. दोन्ही प्रकारांत ती प्रणाली इंटरनेटपासून दूर ठेवावी. आणि जुना संगणक सुरू आहे तोवरच त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून घ्यावी; परवान्याची कळ पुष्कळदा तेवढ्या एकाच ठिकाणी असते.