लॉइकरबाड : गरम पाणी, गेम्मीचा कडा आणि काही पक्के गैरसमज

स्वित्झर्लंडला निघालेल्या मराठी कुटुंबाला युंगफ्राउ आणि टिटलिस ठाऊक असतात. लॉइकरबाडचं नाव कुणी सुचवलंच, तर प्रश्न येतो, ‘तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत ना, सांधेदुखीवाल्यांसाठी?’ कुंडं आहेत, हे खरं. पण वालिस प्रांतातलं हे गाव फक्त अंग शेकण्यासाठी गाठणं म्हणजे अर्धं गाव न बघता परत येणं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपला सर्वांत उंच डोंगर जिथे संपतो, त्याच्या जेमतेम अडीचशे मीटर खाली इथला बसथांबा आहे आणि डोंगर त्याच्या पुढे सुरू होतो.

गरम झरा म्हटलं की खाली ज्वालामुखी असणार, ही समजूत सगळ्यांत जुनी. स्विस आल्प्समध्ये जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी गावावरच्या उंच डोंगरांत खडकांच्या भेगांतून मुरतं आणि खोल उतरत जातं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगांतून दाबाने वर येतं. या फेऱ्याला सुमारे ४० वर्षं लागतात असं मानलं जातं, म्हणजे आज कुंडात आपल्या खांद्यावरून वाहणारं पाणी १९८० च्या दशकात बर्फ होऊन पडलेलं असू शकतं. सगळ्यांत गरम झरा ५१ अंशांचा आहे आणि सगळे झरे मिळून रोज सुमारे ३९ लाख लिटर पाणी देतात. आपल्या कोकणातही वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत गरम झऱ्यांची जी ओळ आहे, तिच्यामागे हेच कारण आहे. दख्खनचा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. तो आज कुणाचं पाणी तापवत नाही. खोल भेगा आणि पृथ्वीच्या पोटातली ऊब एवढंच पुरतं.

गंधकाचा वास येईल म्हणून काही जण आधीच नाक मुरडतात. इथल्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर आहे, आणि सल्फेटला वास नसतो. झरे मुळात कुठून फुटतात हे बघायचं असेल तर कुंडाचं तिकीट काढायची गरज नाही. गावाच्या कडेला डाला नदीची अरुंद घळ आहे. तिच्या कातळाला पोलादी सांगाडे ठोकून सुमारे ६०० मीटरचा पादचारी मार्ग केला आहे. खाली नदीचं बर्फगार पाणी दणाणत जातं आणि दोन पावलांवर खडकातून कोमट पाणी पाझरत असतं. लहान मुलांना घेऊन जावं अशी ही जागा.

‘जितका जास्त वेळ पाण्यात, तितका गुण जास्त’ हा गैरसमज खुद्द लॉइकरबाडनेच कित्येक पिढ्या जोपासला. १५०१ मध्ये सियाँचे बिशप माथेउस शिनर यांनी स्नानाचे हक्क घेऊन गावाची कीर्ती वाढवली. त्यानंतर लोक इथे येऊन दिवसाचे कितीतरी तास पाण्यात बसत. बासेलच्या कलासंग्रहालयात हान्स बॉक यांचं १५९७ चं एक चित्र आहे. त्यातलं कुंड इथलंच असावं असा समज आहे, आणि त्यात मंडळी पाण्यात बसूनच खातपीत, गातवाजवत आहेत. मार्क ट्वेन यांनीही १८८० च्या प्रवासवर्णनात इथल्या अंघोळींबद्दल लिहिलं आहे. अंगावर पुरळ उठेपर्यंत बसायचं आणि पुरळ उठलं की रोग बाहेर पडला असं समजायचं, असा तो उपचार होता. आज सल्ला बरोबर उलटा मिळतो : गरम पाण्यात १५-२० मिनिटं, मग बाहेर येऊन विश्रांती आणि पाणी पिणं. आखडलेल्या सांध्यांना आराम पडतो, स्नायू सैलावतात. रोग मुळासकट जातो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. दिवसभर डोंगर चढून आल्यावर तडक कुंडात उतरू नये. घामाने शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, चक्कर येऊ शकते.

एक गोष्ट संकोच न ठेवता सांगायला हवी. कुंडात टी-शर्ट किंवा साडी-सलवार चालत नाही. पोहण्याचा पोशाख लागतो आणि आधी साबणाने अंघोळही. सॉनाच्या विभागात मात्र जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये सहसा कपडे न घालण्याची पद्धत आहे. तिकीट घेताना चौकशी केलेली बरी, नाहीतर आजी-आजोबांसह गेलेल्या कुटुंबाची उगाच कुचंबणा होते.

आता डोंगराकडे वळू. गेम्मीचा कडा गावातून बघितला की ‘इथून वर जाणं गिर्यारोहकांचंच काम’ असं वाटतं. भिंत सरळ नऊशे मीटर उठलेली, आणि वाट कुठे दिसतच नाही. वाट आहे, ती कड्यात कोरलेली आहे. १७३९ ते १७४१ या काळात तिरोलहून आलेल्या कामगारांनी खडक फोडून नागमोडी पायवाट काढली, आणि खेचरांवरून माणसं-माल बर्न प्रांताकडे जाऊ लागला. आज धडधाकट माणूस दोन-अडीच तासांत ती चढतो. सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्यांना दम लागेल, पण हात लावून चढावं लागत नाही. धोका आहे तो बेफिकिरीचा. १८६१ मध्ये एक फ्रेंच काउंटेस याच वाटेने खेचरावरून उतरताना कड्यावरून पडून मृत्युमुखी पडली. चढायचं नसेल तर १९५७ पासून केबलकार आहे.

वर गेल्यावर कड्याचा मागमूस राहत नाही. उघडी, रुंद, दगडाळ सपाटी आणि मधोमध डाउबेनझे हे सरोवर. या सरोवराला जमिनीवरून बाहेर जाणारा ओढा नाही. पाणी चुनखडकातून खाली निघून जातं, त्यामुळे ऋतूप्रमाणे पातळी बरीच खाली-वर होते. काठाकाठाने दीड तासात प्रदक्षिणा होते. स्वच्छ हवेत दक्षिणेला वाइसहॉर्न आणि मॅटरहॉर्न दिसतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी मेंढपाळांचा मेळावा भरतो. मेंढपाळ मीठ घेऊन उभे राहतात आणि चहूकडच्या उतारांवरून शेकडो मेंढ्या त्या मिठासाठी धावत खाली येतात. दाटी अशी होते की मधला माणूस गुडघ्यापर्यंत लोकरीत बुडतो. माझ्या मते त्या भागात बघण्यासारखं याहून मोठं काही नाही.

याच आभाळात दाढीवालं गिधाड फिरतं. पंखांचा पसारा पावणेतीन मीटरच्या आसपास. हा पक्षी कोकरं पळवतो, अगदी तान्ही मुलंही उचलतो, असं आल्प्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. लोकांनी त्याला मारून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून पार नाहीसं केलं. वास्तविक तो मेलेल्या जनावरांवर जगतो आणि त्याच्या खाण्यात बहुतेक हाडंच असतात. मोठं हाड उंचावरून कातळावर टाकून फोडतो आणि तुकडे गिळतो. १९८६ पासून त्याला आल्प्समध्ये पुन्हा सोडायला सुरुवात झाली, आणि आता गेम्मीच्या परिसरात त्याची जोडी घरटं करते. दुर्बीण जरूर न्या.

चालण्याच्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो, आणि तो विश्रांती न धरता मोजलेला. फोटो आणि डबा धरून दीडपट धरावा. पूर्ण पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय घट्ट हवा आणि बूट चांगले हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की परत फिरावं, ती अनुभवी लोकांची वाट. डाउबेनहॉर्नवर पोलादी दोर आणि शिड्या ठोकलेली चढाई आहे, स्वित्झर्लंडमधली सर्वांत लांब म्हणून तिची ख्याती आहे. शिड्या आहेत म्हणून सोपी, असं समजून कुणी निघू नये. तिला पूर्ण दिवस, साधनं आणि नवख्यांना वाटाड्या लागतो.

आपल्याकडच्या लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते मे महिन्यामुळे. शाळांना सुट्टी असते, इथे उकाडा असतो, म्हणून आल्प्सही तेव्हाच चांगलं असा हिशेब होतो. पण एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हा तिथल्या दोन हंगामांमधला रिकामा काळ. अनेक केबलकार देखभालीसाठी बंद असतात, काही हॉटेलंही बंद असतात आणि दोन हजार मीटरच्या वर वाटांवर बर्फ असतो. गेम्मीसाठी जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ धरावा. तेव्हा आपल्याकडे पावसाळा असला तरी वालिस हा स्वित्झर्लंडमधल्या कोरड्या भागांपैकी एक आहे. दुपारनंतर मात्र वीज-वादळ उठू शकतं, म्हणून पहाटे निघायचं. मेमध्येच जाणं भाग असेल तर कुंडं, डालाची घळ आणि गावाजवळच्या खालच्या वाटा एवढ्याच योजना करा.

डोंगरात अडकलं की हेलिकॉप्टर येतं आणि फुकट नेतं, हाही एक समज. वालिसमध्ये मदतीसाठी १४४ फिरवायचा, मदत तत्परतेने येते, पण बिल पाहुण्याला किंवा त्याच्या विमा कंपनीला येतं. प्रवासविम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, हे मुंबई-पुण्यातच तपासा. रेल्वेबद्दलही आधीच माहिती घ्यावी : लॉइकरबाडला रेल्वे जात नाही. १९१५ मध्ये सुरू झालेला दातेरी लोहमार्ग १९६७ मध्ये बंद झाला. आता खोऱ्यातल्या लॉइक स्थानकावर उतरून अर्ध्या तासाची बस घ्यावी लागते.

शेवटचा गैरसमज शेजारच्या आल्बिनेन गावाचा. ‘स्विस गाव राहायला येणाऱ्याला लाखो रुपये देतं’ ही बातमी आपल्याही फोनवर फिरली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या ग्रामसभेने प्रौढामागे २५ हजार आणि मुलामागे १० हजार फ्रँक द्यायचं ठरवलं, इतपत खरं आहे. अटी मात्र बातमीबरोबर फिरल्या नाहीत : वय ४५ च्या आत, घरावर किमान २ लाख फ्रँकचा खर्च, १० वर्षं तिथेच राहण्याची बांधिलकी, आणि परदेशी माणसाकडे स्वित्झर्लंडचा कायम वास्तव्याचा परवाना. जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव आपली शाळकरी मुलं परत यावीत म्हणून धडपडत होतं. पाहुणा म्हणून जायला कसलीच अट नाही. मोटाररस्ता होण्याआधी हे लोक लॉइकरबाडला कड्याला टेकवलेल्या आठ लाकडी शिड्यांवरून जात, ओझी पाठीवर घेऊन. शिड्या आजही जागेवर आहेत आणि त्यांवरून जाता येतं. पाऊस झाला असेल तर लाकूड निसरडं होतं, अशा दिवशी सरळ रस्त्याने जावं.