आधी ओल तपासा, मग लाकूड आणा

जुलै लागला की जुन्या घरातलं दार फुगून चौकटीत अडकतं, आणि दिवाळी झाली की तेच दार अलगद लागतं. घरच्या व्यायामखोलीत लाकडी जमीन करायची असेल, तर हे दार डोळ्यांसमोर ठेवावं. माझ्या पहिल्या खोलीत मी ते ठेवलं नव्हतं. भिंतीला घट्ट भिडवलेल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये मधोमध उचलल्या गेल्या. पाय ठेवला की पोकळ ढब् आवाज यायचा. सगळी जमीन उखडावी लागली.

लाकूड कशासाठी

कोब्यावर किंवा टाइल्सवर दोरीउड्या मारल्या की प्रत्येक उडीचा दणका घोट्याला आणि गुडघ्याला बसतो. आखाड्यातली माती खणून भुसभुशीत ठेवतात ती पडणाऱ्याला झेलण्यासाठीच. लाकडी जमीन झेलते आणि पायाला थोडी उसळीही देते. बंदिस्त क्रीडागृहांसाठी युरोपात ईएन १४९०४ हे मानक आहे. त्यानुसार जमिनीने दणक्याचा २५ ते ७५ टक्के भाग शोषायला हवा. पण ही किमया वरच्या पट्टीची नाही, तिच्याखालच्या रबराची आणि प्लायवूडची आहे. पट्ट्या थेट फरशीला चिकटवल्या तर दिसायला कोर्ट होतं, गुडघ्यांना मात्र फरशीच लागते.

ओल कशी शोधायची

तळमजल्यावर ओल जमिनीतून वर चढते, वरच्या मजल्यावर ती बाथरूमच्या भिंतीतून येते. हातभर लांबरुंद प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून दव धरलं असेल किंवा खालचा भाग काळपट पडला असेल, तर काम थांबवा. नवा कोबा इंचाला साधारण महिना या हिशेबाने वाळतो. त्याआधी घाई करू नये. जुनी फरशी असेल तर नाण्याने ठोकत फिरा, पोकळ वाजणारी लादी काढून पुन्हा बसवा. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसत असेल, तर आधी सपाटी करून घ्या.

मेपल की सागवान

बास्केटबॉलची कोर्टं बहुतेक उत्तर अमेरिकेच्या हार्ड मेपलची असतात. ते कठीण, दाट आणि फिकट रंगाचं लाकूड. चेंडूला आणि बुटांना उत्तम. पण हवेतली आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो आणि ८० टक्के आर्द्रतेत तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं. तीन मीटर रुंद खोलीत ओलावा तीन टक्क्यांनी वाढला, तर आडव्या कापाचं मेपल मिळून तीसेक मिलिमीटर पसरू पाहतं; सागवान जवळपास त्याच्या निम्मं. म्हणून मुंबई-कोकणात घरासाठी माझा कौल सागवानाला. ते मेपलपेक्षा मऊ आहे, पण घरच्या वापराला पुरतं. एक काळजी घ्यावी लागते: त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून फिनिश लावण्याआधी ते थिनरने पुसून घ्यावं.

पट्ट्या आणल्या की गठ्ठे सोडून आठवडाभर त्याच खोलीत चकत्यांवर रचून ठेवा. काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. भर मे महिन्यात बसवलेलं लाकूड पावसात फार फुगतं, आणि पावसात बसवलेलं उन्हाळ्यात फटी दाखवतं.

थरावर थर

तळाला १५० मायक्रॉनचं पॉलिथीन अंथरायचं. जोडाला वीतभर एकावर एक चढवून टेप मारायची आणि कडा भिंतीवर दोन बोटं वर वळवायच्या. त्यावर साधारण १० मिमीचे रबरी पॅड. त्यावर १२ मिमी प्लायचे दोन थर, एकमेकांना आडवे आणि जोड जुळू न देता. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या दर्जाचा घ्यावा. दोन्ही थर २० मिमीच्या स्क्रूने आवळायचे, म्हणजे टोक पॉलिथीनपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण सांगाडा सुटा राहतो, स्लॅबला कुठेही ठोकलेला नसतो.

वर २० मिमीची पट्टी धरली की एकूण उंची साडेपाच सेंटीमीटरच्या घरात जाते. दार तेवढं खालून कापावं लागतं आणि उंबऱ्याला उतार द्यावा लागतो. सुतार याची आठवण बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी करून देतो. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

पट्ट्या ठोकताना

भिंती क्वचितच काटकोनात असतात. म्हणून भिंतीवर विसंबू नका, सूत मारून सरळ रेघ काढा आणि पहिली पट्टी तिला लावा. पट्टीच्या एका कडेला जीभ असते, दुसरीला खाच. खिळा जिभेच्या मुळाशी तिरपा, ४५ अंशांत ठोकायचा आणि डोकं पंचने आत बसवायचं. पुढच्या पट्टीची खाच ते झाकते. हातोडी थेट जिभेवर न मारता मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. चारही भिंतींलगत किमान १२ मिमी फट सोडायची, स्कर्टिंगने ती झाकली जाते. स्कर्टिंग मात्र भिंतीलाच ठोका. ते जमिनीला ठोकलं की पट्टी अडकली आणि फट वाया गेली.

मग घासकाम, आणि पॉलियुरेथेनचे तीन हात, प्रत्येक दोन हातांमध्ये हलकी घासणी.

वजनं कुठे ठेवायची

हातातून सुटलेला डंबेल लाकडाला खोच पाडतोच. वजनं उचलायची जागा वेगळी काढा आणि तिथे २० मिमीची रबरी लादी घाला. ट्रेडमिलसुद्धा या सुट्या जमिनीवर ठेवू नये. त्याच्या ओझ्याखाली पट्ट्या एका ठिकाणी दबून राहतात आणि बाकीच्यांना हलायला वाव उरत नाही.

पहिला पावसाळा

रोजची ओली पुसणी इथे चालणार नाही. कोरड्या मॉपने धूळ काढा. घाम सांडला तर नीट पिळलेल्या फडक्याने लगेच टिपा. घरात कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवा. ऑगस्टमध्ये पट्ट्यांच्या कडा किंचित वर आलेल्या हाताला लागल्या, तर खालून ओल येत नाही ना ते पाहा, पण रंधा किंवा सँडर लावू नका. आत्ता कडा घासून टाकल्या, तर लाकूड वाळल्यावर त्याच कडा खाली बसतात आणि प्रत्येक पट्टी मधोमध फुगीर दिसते. पंखा चालू ठेवा आणि डिसेंबरपर्यंत वाट पाहा. ओल थांबलेली असेल तर पुष्कळदा पट्ट्या आपोआप सपाट होतात.