रांगू द्या, रांग मोडू द्या!

माहीत आहे का? नुकतंच चालायला लागलेलं पोर तासाभरात सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा धपकन पडतं! न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या कॅरन अॅडॉल्फ यांच्या टीमने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं खरोखर मोजली आणि २०१२ मध्ये हा स्कोअर जाहीर केला. स्मार्टवॉच बांधून दहा हजार पावलांमागे धावणाऱ्या पप्पांनो, मोकळं सोडलं तर तुमचं अडीच फुटी पिल्लू हे टार्गेट सव्वाचार तासांत उडवेल. तेही अनवाणी!

आता हे पिल्लू सायखेड्याचं आहे असं धरू. निफाड तालुका, गोदाकाठ, एका अंगाला कांदा, दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग. मोटर स्किल्ससाठी याहून भारी जिम नाशिकच्या मॉलमध्ये नाही! (मोटर म्हटल्यावर विहिरीवरची आठवली ना? ही ती नव्हे, ही हातापायांच्या हालचालींची. हिला लोडशेडिंग नसतं.)

देव्हाऱ्यातला बाळकृष्ण कायम रांगतोय, म्हणून प्रत्येक बाळाने रांगलंच पाहिजे? छे! जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या ८१६ मुलांवर नजर ठेवली. त्यातली ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. रांगेतला हा नंबर सोडून सरळ पुढे! काही बाळं ढुंगणावर सरकत घरभर फिरतात, तेही चालतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ मध्ये आपल्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणंच काढून टाकलं.

आणि एकट्याने चालणं? त्याच अभ्यासात त्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने निघाली. खिडकी कसली, दिंडी दरवाजाच! तेव्हा 'आमची परी दहाव्यात चालली हो' हे ओट्यावरचं वाक्य ऐका, हसा, विसरा.

आता खरा मसाला. माहीत आहे का, कॅनडात बेबी वॉकरवर बंदी आहे? ७ एप्रिल २००४ पासून विक्री बंद, आयात बंद, जाहिरातही बंद. घरातला जुना वॉकर शेजाऱ्याला विकायचीही सोय नाही. कारण सरळ आहे. चाकांच्या कड्यात बसवलेलं बाळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिन्यापाशी किंवा गरम चहापाशी पोचतं. वर कहर म्हणजे, नाव वॉकर असून हा गडी चालायला शिकवत नाही! १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उलट उशिराच शिकली. मोठ्या ट्रेखाली बाळाला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. न दिसणाऱ्या पायांनी चालायचं कसं, राव?

मग माळ्यावर पणजोबांचा पांगुळगाडा असेल तर काढा खाली. तीन लाकडी चाकं, एक आडवी दांडी, विषय संपला. वॉकर बाळाला आत कोंडतो, पांगुळगाडा त्याला मागे उभं करतो. वजन पायांवर, तोल कमरेवर, पाय डोळ्यांसमोर. आधी स्वतः उभं राहायचं, मगच गाडी हलणार. लायसन्सची टेस्टच म्हणा ना! शिवाय चाकांची कुरकुर थांबली, की स्वयंपाकघरातल्या आईला कळतंच, स्वारी काहीतरी उद्योग करतेय. माझं मत विचाराल तर या सामन्यात सुतारकाका विजयी, प्लॅस्टिक गारद. फक्त उंबरे, पायऱ्या आणि उतार सांभाळा, आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

निफाडकरांनो, आता कॉलर ताठ! बाळाच्या बोटांची परीक्षा घ्यायला जगभरचे डॉक्टर काय वापरत आलेत, माहीत आहे का? बेदाणा! १९६७ मध्ये आलेल्या डेन्व्हर चाचणीत बाळापुढे बेदाणा ठेवतात आणि बघतात, गडी पंजाने ओरबाडतोय की अंगठा-बोटाच्या चिमटीत उचलतोय. ही चिमूट साधारण ९ ते १२ महिन्यांत जमते. घरी प्रॅक्टिससाठी बेदाणा नको, मऊ भाताची शितं ठेवा.

आणि ब्रेक! पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. गोल, गुळगुळीत, घशात बूच बसावं अशा मापाचं. उभे चार काप करूनच द्या. द्राक्षांच्या तालुक्यात हे ओरडून सांगायला हवं.

माहीत आहे का? मनगटात आठ हाडं असतात, पण नवजात बाळाच्या एक्स-रेत त्यातलं एकही दिसत नाही! ती तेव्हा कूर्चेची असतात, हळूहळू हाड होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत साधारण तीनच उमटतात. आणि आपण त्याच मनगटाला पानभर 'अ आ इ ई' गिरवायला लावतो! त्यापेक्षा मटार सोलू द्या, मेथी निवडू द्या, कणकेचे साप करू द्या. भाजी निम्मी खाली सांडेल. सांडू दे.

आता थोडं हॉरर. नवजात बाळाला उभं धरून तळवे टेकवले तर ते पावलं टाकतं! दोन महिन्यांत ही जादू गायब. गेली कुठे? १९८४ मध्ये एस्थर थेलन यांच्या टीमने अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले आणि पावलं परत हजर! मेंदू विसरला नव्हता, गुटगुटीत मांड्या जड झाल्या होत्या. पाण्याने वजन उचललं, पाय सुटले. (प्रयोग तज्ज्ञांचा होता. तुम्ही गोदेकडे निघू नका.)

ताजिकिस्तानात बाळांना 'गाहवोरा' नावाच्या पाळण्यात तासन्‌तास बांधून ठेवायची रीत आहे. ती बाळं उशिरा चालतात आणि चार-पाच वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांना गाठतात. झोळीत झोपवणाऱ्या आज्यांना थोडा दिलासा! तरी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा हिशेब लक्षात ठेवा: न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं घाला, १ ते ४ वर्षांच्या मुलांना १८० मिनिटं हुंदडू द्या. बाळ पालथं असताना आपणही समोर पालथं पडायचं. फोटो मात्र काढू देऊ नका.

मराठी कनेक्शन हवंय? घ्या दोन. भारतीय बाळांचं मोजमाप अमेरिकन फूटपट्टीने कशाला, म्हणत प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांवरून देशी मापं तयार केली. त्यातूनच आलेल्या 'डासी' चाचणीत हालचालींच्या ६७ कसोट्या आहेत. बारावीपेक्षा टफ! आणि १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया असं आसपासचं सामान घेऊन बालवाडी चालवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली.

सिरीयस व्हा, अर्धा मिनिट. दीड वर्ष झालं तरी मूल चालत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, किंवा येत असलेली हालचाल विसरलं, तर 'त्याचे बाबाही उशिरा चालले' म्हणत थांबू नका. गावातल्या अंगणवाडी ताईंना, आशाताईंना दाखवा. मुलांची मोफत तपासणी करणारा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून!

जाता जाता. चौथ्या वर्षाच्या आसपास पोर एका पायावर उड्या मारू लागतं, म्हणजे लंगडीच्या संघात एंट्री. आणि मोठ्यांचं काय? ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना एका पायावर फक्त १० सेकंद उभं राहायला सांगितलं, तर दर पाचांतला एक जण फेल! काय आजोबा, येताय का लंगडीला? राज्य तुमच्यावर.